नफा असूनही धंदा का बसतो? क्यूआर, उधारी आणि कर्ज यांचं गोव्यातलं गणित

२०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात हजारो छोट्या विक्रेत्यांना तिथल्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा गेल्या. यूपीआयवर तुमच्याकडे एवढे पैसे जमा झाले, मग जीएसटीची नोंदणी का नाही, असा त्या नोटिसांचा रोख होता. बंगळूरच्या काही दुकानदारांनी क्यूआर झाकून ठेवले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. बातमी शेजारच्या राज्यातली, पण धसका आपल्याकडेही पोचला. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की फोंड्यातली गाळ्यांची रांग, छोट्या व्यावसायिकांशी बोलायला बसलं की हाच प्रश्न येतो: हा क्यूआर ठेवावा की काढावा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे देतोच. पण त्याच्याआधी दुसरी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. छोटा धंदा नेमका कशाने बंद पडतो हे कळलं नाही, तर क्यूआर आणि कर्ज यांचा त्याच्याशी काय संबंध हेही कळणार नाही.

नफा आहे, मग पैसे कुठे गेले?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातला एखादा घरगुती काजू कारखाना घेऊ. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण धंद्याची घडी खरी आहे.

काजूच्या बिया मार्च ते मे या दिवसांतच मिळतात. वर्षभराचा माल त्या अडीच-तीन महिन्यांत विकत घ्यावा लागतो. समजा, कारखानदाराने १४० रुपये किलोने चार टन बी घेतली. झाले ५ लाख ६० हजार. भाजणी, फोडणी, सोलणी करणाऱ्या बायकांची मजुरी, जळण आणि पॅकिंग मिळून ९० हजार. एकूण खर्च साडेसहा लाख. चार टन बीतून साधारण ९२० किलो गर निघाला आणि तो सरासरी ८२० रुपयांनी विकला, तर हातात येतात ७ लाख ५४ हजार. म्हणजे १ लाख ४ हजार नफा. घरच्या घरी चालणाऱ्या कामाला वाईट नाही.

आता त्याच्याकडे स्वतःचे दोनच लाख आहेत. उरलेले साडेचार लाख त्याने ओळखीच्या सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना या दराने घेतले. विक्रीचा जोर दिवाळी आणि पर्यटनाच्या हंगामात, म्हणून पैसे सात महिने अडकले. महिन्याला साडेतेरा हजार, सात महिन्यांचं व्याज ९४ हजार ५००. नफ्यातले उरले जेमतेम दहा हजार. त्यात ज्या दुकानांना माल दिला त्यांनी ‘दोन महिन्यांनी बिल देतो’ म्हटलं, तर आणखी २७ हजार व्याज चढतं आणि धंदा सतरा हजारांनी तोट्यात जातो. मालात खोट नाही, गिऱ्हाईक आहे, भावही मिळालाय. तरी तोटा.

हेच साडेचार लाख त्याला बँकेकडून वर्षाला ११ टक्क्यांनी मिळाले असते, तर सात महिन्यांचं व्याज २९ हजारांच्या आत बसलं असतं. दुकानदारांनी दोन महिने उशीर केला तरी ६७ हजार त्याच्या हातात राहिले असते. तोच माणूस, तेच काजू. फरक पडला तो पैसे कुठून आणि किती दिवसांसाठी आले याने.

माल घ्यायचा, मजुरी द्यायची आणि विक्रीचे पैसे येईपर्यंत तग धरायचा, यासाठी लागणाऱ्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. आपल्या खाजन शेतीत मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांचं, जे काम, ते धंद्यात खेळत्या भांडवलाचं. बांध कितीही भक्कम असू दे, भरतीच्या वेळी मानशीची दारं लागली नाहीत तर खारं पाणी आत शिरतं आणि चांगलं उभं पीक जातं.

गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा टोकाचा आहे, कारण आपला जवळजवळ प्रत्येक धंदा हंगामी आहे. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसची कमाई ऑक्टोबर ते मार्च. ट्रॉलरवर अवलंबून असलेल्या बर्फवाल्याचं, जाळी विणणाऱ्याचं काम १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत थांबतं. चित्रशाळेतला मूर्तिकार जूनपासून माती, रंग, मदतनीस यांवर खर्च करत राहतो आणि त्याचे बहुतेक पैसे चवथीच्या तोंडावर येतात. अशा माणसाला पुढच्याच महिन्यापासून सुरू होणारा समान हप्ता गळ्यात बांधणं म्हणजे चुकीचं कर्ज देणं.

म्हणून कर्जाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. ओव्हन, फोडणीचं यंत्र, टेम्पो अशा टिकाऊ वस्तूंसाठी मुदत कर्ज. त्याचे हप्ते त्या वस्तूच्या कमाईतून फिटतात. माल आणि मजुरीसाठी मात्र कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. इथे बँक एक मर्यादा ठरवून देते, लागतील तेवढेच पैसे उचलायचे, आले की भरायचे, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. मी पाहिलेल्या कितीतरी अडचणींचं मूळ एकच होतं: मालासाठी वैयक्तिक कर्ज काढलं होतं आणि हंगाम यायच्या आत हप्ते सुरू झाले होते.

मग बँक छोट्याला उभं का करत नाही?

गोव्याच्या बँकांत ठेवी भरपूर आहेत. परदेशी असलेल्या, बोटीवर असलेल्या गोवेकरांनी पाठवलेला पैसाही त्यात आहे. त्या मानाने इथे वाटलं जाणारं कर्ज फार कमी. पैसा नाही म्हणून छोट्याला कर्ज मिळत नाही, असं इथे म्हणता येत नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, तारण. बँक जमिनीचे कागद मागते. आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं, कधी पणजोबांचं नाव असतं आणि मागे वीस वारस. वाटणी कोर्टातून करून घेतलेली नसते. कितीतरी घरं भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर उभी आहेत आणि तिथे राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिथे राहायचं संरक्षण दिलं, पण मुंडकार म्हणून नोंद आणि पुढे जागा विकत घेण्याची प्रक्रिया पुरी झाली नसेल तर बँकेला दाखवायला कागद नाही. त्यात गोव्याच्या नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, त्यामुळे स्थावर गहाण टाकायला दोघांच्या सह्या लागतात. ही तरतूद बायकांच्या बाजूची आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण या सगळ्याचा परिणाम असा, की तीस वर्षं एकाच जागी धंदा करणारा माणूस बँकेच्या नजरेत काहीच नसलेला ठरतो.

यावर तोड आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासून आहे. बँकेची भीती कमी व्हावी म्हणून सीजीटीएमएसई हा हमी निधी २००० सालापासून आहे. कर्जदाराने पैसे बुडवले तर ठरलेला हिस्सा हा निधी बँकेला भरून देतो. याचा अर्थ कर्ज माफ होतं असा मात्र नाही, कर्जदाराची देणेदारी कायम राहते. मुद्रा योजनेत २०१५ पासून ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ कर्ज मिळतं. आधीचं ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंतची वाट खुली झाली आहे. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. पहिलं कर्ज छोटं, ते वेळेवर फेडलं की पुढचं मोठं. राज्यात ईडीसी या सरकारी वित्त महामंडळामार्फत चालणारी मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे.

दुसरी अडचण तारणाहून खोल आहे. तारण नसेल तर बँकेला निदान धंदा दिसायला हवा. रोखीत चालणारा धंदा तिला दिसतच नाही.

नोंद हीच पत

पूर्वी ही नोंद पिग्मीच्या पुस्तकात असे. सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीत सुरू केलेली ही पद्धत कोकण-गोव्यात पतसंस्थांनी घराघरांत नेली. एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, पन्नास-शंभर घेऊन जातो. वर्षभर रोज भरणारा माणूस कर्ज मागायला आला, की मॅनेजरला त्याची कमाई आणि त्याची शिस्त दोन्ही ठाऊक असतात. धंदा ओळखणाऱ्या अशा खिडक्या आता कमी झाल्या. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. चेहरा ओळखणारा मॅनेजर गेला आणि त्याच्या जागी स्क्रीनवरचा आकडा आला.

हा आकडा म्हणजे क्रेडिट स्कोअर, ३०० ते ९०० मधला. जुनी कर्जं वेळेवर फेडली का, यावरून तो ठरतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोअरच नसतो. कधीही कुणाचे पैसे न बुडवलेला माणूस इथे अनोळखी ठरतो.

क्यूआरचं खरं मोल इथे आहे. रोज आलेले शंभर-दोनशे रुपये बँकेच्या खात्यात तारीखवार उमटतात. वर्षभरानंतर ते स्टेटमेंट सांगतं, की या दुकानात जुलैत दिवसाला एवढे येतात आणि डिसेंबरात एवढे, आणि भाडं, वीजबिल कधी चुकत नाही. पिग्मीच्या पुस्तकाने जे काम केलं तेच हे करतं. फरक एवढाच, की हे पुस्तक कोणत्याही बँकेला वाचता येतं. २०२१ पासून अकाउंट ॲग्रिगेटर नावाची व्यवस्थाही आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला हा मध्यस्थ तुमच्या संमतीनेच तुमच्या खात्याची माहिती कर्ज देणाऱ्याकडे पोचवतो, स्वतः ती वाचू शकत नाही. संमती कशासाठी आणि किती दिवसांची, हे देताना दिसतं आणि नंतर मागेही घेता येतं.

एक पथ्य पाळायला हवं. धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. भाच्याने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे, दुकानाची विक्री, सगळं एकाच खात्यात आलं की बँकेला त्यातून काही कळत नाही, आणि कर खात्याला ते सगळंच विक्री वाटू शकतं.

‘पण क्यूआर लावला की कर मागे लागतो!’

कर विक्रीवर आणि उत्पन्नावर आहे, क्यूआरवर नाही. जीएसटीच्या नोंदणीसाठी गोव्यात वर्षाच्या उलाढालीची मर्यादा साधारणपणे मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे. त्यात रोख, चेक, यूपीआय सगळं धरलं जातं. वर्षाला पंधरा लाखांची विक्री असलेल्या चहाच्या गाड्याला क्यूआरमुळे जीएसटी लागू होत नाही. जो फक्त करमुक्त वस्तू विकतो, म्हणजे ताजी भाजी किंवा सुटं दूध, त्याला मर्यादा ओलांडली तरी नोंदणीची गरज नाही. कर्नाटकातल्या गोंधळातही अशा विक्रेत्यांचा मुद्दा पुढे आलाच होता. मर्यादा खरोखर ओलांडली असेल तर मालाच्या व्यापाऱ्याला दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे. त्यात ठरावीक छोट्या टक्क्याने कर भरायचा आणि हिशेबाचं ओझं कमी.

आयकरात तर यूपीआय वापरणाऱ्याला फायदाच आहे. छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीत रोख विक्रीचे ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीचे ६ टक्के. वीस लाखांची विक्री सगळी रोखीत असेल तर नफा धरला जातो १ लाख ६० हजार, सगळी यूपीआयवर असेल तर १ लाख २० हजार. यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराकडून टक्केवारी कापायची नाही, हा नियम २०२० च्या जानेवारीपासून लागू झाला. आवाज करणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं मात्र कंपन्या घेतात, ते नीट विचारून घ्यावं.

कर्नाटकच्या नोटिशीने घाबरलेल्यांची भीती मी खोटी मानत नाही. नोटीस आली की वकील, सीए, फेऱ्या, सगळं आलं, आणि छोट्या माणसाचा दिवस बुडतो. पण क्यूआर काढून टाकला तर कर टळत नाही, पत मात्र जाते.

मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले तर?

आपल्याकडे छोटे पुरवठादार मोठ्या हॉटेलांना, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांना माल देतात. तीन-चार महिने बिल मिळत नाही आणि ‘पुढची ऑर्डर जाईल’ म्हणून कुणी बोलत नाही.

कायदा छोट्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. २०२४ पासून आयकरातही एक चाप बसला. वेळेत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मोठ्या खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर जवळ आला की अडकलेली बिलं सुटू लागतात. मात्र यासाठी पुरवठादाराची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला नाही.

गिऱ्हाइकाशी भांडायचं नसेल तर ट्रेड्स आहे. मोठ्या कंपनीने ‘हे बिल मला मान्य’ असं या ऑनलाइन मंचावर नोंदवलं, की बँका त्या बिलावर बोली लावतात आणि थोडी रक्कम कापून पुरवठादाराला लगेच पैसे देतात. पुढे कंपनीकडून वसुली बँकेची. इथे कंपनीची पत पाहिली जाते, पुरवठादाराची नाही, म्हणून दरही कमी लागतो. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर येणं आता बंधनकारक आहे. वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीला खोकी पुरवणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्ही ट्रेड्सवर आहात का?

‘मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?’

त्या पाच मिनिटांची किंमत पाहू. ‘महिन्याला फक्त दीड टक्का’ असं सांगून एक लाख दिले, वर्षभराचे १८ हजार व्याज धरून बारा हप्ते पाडले, हप्ता ९,८३३ रुपये. ऐकायला १८ टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दलही फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर चाललेलं असतं. खरा दर पडतो सुमारे ३२ टक्के. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापला तर आणखी वर.

म्हणून कर्ज ॲपवरून घ्या किंवा शाखेतून, एकच कागद मागा: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक. ते देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. डिजिटल कर्जाचे पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि ठरावीक मुदतीत विचार बदलला तर दंडाशिवाय परत करता यायला हवेत, असंही रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. फोनमधली संपर्कयादी किंवा फोटो मागणाऱ्या ॲपला तिथल्या तिथे नकार द्या. अशा ॲपच्या धमक्यांनी घरं उद्ध्वस्त झाली आहेत.

बुकिंगच्या आणि जेवण पोचवणाऱ्या ॲपबद्दल थोडक्यात. नवं गिऱ्हाईक मिळवायला ती चांगली आहेत. पण कमिशन वजा करून उरतं किती आणि ते कितव्या दिवशी खात्यात येतं, हे दोन्ही लिहून काढल्याशिवाय त्यांवर पूर्ण विसंबू नये. पुन्हा येणाऱ्या पाहुण्याचा नंबर आपल्याकडे असायला हवा.

कर्जाने जे होत नाही

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या ट्रकमालकांकडे कर्ज होतं, नोंद होती, हप्ते भरण्याची शिस्तही होती. नव्हतं ते दुसरं गिऱ्हाईक. ट्रक उभे राहिले, गॅरेजं, खानावळी, टायरची दुकानं त्यांच्या मागोमाग बसली. एकाच गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या धंद्यासाठी मोठं कर्ज काढू नये, बँक देत असली तरी. मोपाच्या विमानतळाभोवती आज टॅक्सी, खोल्या, हॉटेलं यांत पैसे घालणाऱ्या पेडण्यातल्या तरुणांशी मी हे आवर्जून बोलतो.

अर्ज कधी करायचा?

हंगामाच्या आधी. काजूवाल्याने जानेवारीत, चवथीच्या मूर्तिकाराने एप्रिलमध्ये, गेस्ट हाऊसच्या दुरुस्तीसाठी मेच्या सुरुवातीला. बी बाजारात आल्यावर बँकेत गेलेल्या माणसाला शेवटी सावकारच गाठावा लागतो. सोबत उद्यम प्रमाणपत्र, बारा महिन्यांचं धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट, आयकर विवरण आणि एका साध्या कागदावर महिनावार तक्ता न्या: कोणत्या महिन्यात किती जातात, किती येतात, किती कमी पडतात. हा तक्ता दाखवूनच सीसी मागा, आणि मुदत कर्ज असेल तर पावसाळ्यात हप्ता कमी ठेवता येईल का, हे सही करण्याआधी विचारा.

अर्ज दिल्याची पोच घ्या. लघुउद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. ‘तारण नाही’ असं लिहून आलं आणि रक्कम १० लाखांच्या आत असेल, तर तोच कागद घेऊन आधी बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला शुल्क नाही.